शुद्धिपत्राविना आवृत्ती : सदोष आज्ञावलींची घाई आणि खानदेशातील लेखनव्यवहार

१

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस एक पान बहुधा आढळते. पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध अशा चार रकान्यांचे ते शुद्धिपत्र होय. ग्रंथ छापून झाला, दोष राहिले, ते लेखकाच्या ध्यानी आले, आणि वाचकाच्या हाती पोथी पडण्यापूर्वीच त्याने ते कबूल केले, एवढा सगळा इतिहास त्या पानात साठवलेला असतो. दोष नसणे ही शुद्धिपत्राची प्रतिज्ञा नव्हे. दोष कोणता, कोठे, आणि तो कोणी दाखवला हे उघड असणे, ही त्याची प्रतिज्ञा होय.

'आवृत्ती' हा शब्द आज संगणकाच्या आज्ञावलींनाही, म्हणजे ज्यास व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात त्यांनाही, लावला जातो. परंतु ग्रंथाची आवृत्ती आणि आज्ञावलीची आवृत्ती यांत एक मूलभूत भेद आहे. आज्ञावली विकणाऱ्या कंपन्या दोष ठाऊक असतानाही माल बाजारात आणतात, आणि ग्राहकाच्या हाती शुद्धिपत्र देत नाहीत. दोष ग्राहकानेच शोधावा, सोसावा, आणि जमल्यास कळवावा, अशी ही रीत आहे. तिची कारणे काय, आणि भाषेच्या अभ्यासकाने तिची चिंता का वाहावी, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. उदाहरणे मुख्यत्वे मराठी लेखनाची आणि जळगाव-धुळे परिसरातील भाषाव्यवहाराची घेतली आहेत. ज्या लेखकाची भाषा बाजारात शेवटच्या रांगेत उभी असते, त्याला या घाईची किंमत सर्वांत अधिक मोजावी लागते, हे त्यांतून दिसून येईल.

२

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घाई ही स्वतःच दोषास्पद आहे, असे नाही. रावेर-यावल भागातील केळीचा घड झाडावर पिकू दिला जात नाही. तो हिरवा असतानाच उतरवतात आणि दूरच्या बाजारात पोचल्यावर पिकवतात. माल कच्चा निघतो, पण तो कच्चा आहे हे शेतकरी, व्यापारी, वाहनवाला आणि पिकवणारा या सर्वांना ठाऊक असते, आणि त्याच हिशेबाने भाव ठरतो. येथे कच्चेपणा घोषित आहे.

विद्येच्या क्षेत्रातही असेच एक उदाहरण धुळ्याशी निगडित आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. जुनी दप्तरे वाळवी, पावसाळा आणि अनास्था यांच्या तावडीत होती. तेव्हा साधने छापण्याची त्वरा हे कर्तव्यच होते. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतील अनेक अनुमाने पुढील संशोधकांनी नाकारली. पण ती नाकारता आली याचे कारण असे की, अनुमानाबरोबर मूळ कागदही वाचकापुढे ठेवलेला होता. १९२६ च्या अखेरीस धुळे येथे त्यांचे निधन झाल्यावर १९२७ मध्ये तेथेच स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाचा पाया याच वृत्तीवर उभा आहे.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशीची मांडणी भिल्ल भाषांच्या भागात केलेली आहे. हे वर्गीकरण वादग्रस्त ठरले, आणि अहिराणीचे मराठीशी व गुजरातीशी असलेले नाते हा आजही चर्चेचा विषय आहे. तथापि सर्वेक्षणाने भाषेचे नमुने सविस्तर छापले असल्याने, ज्याला वर्गीकरण मान्य नाही त्याला प्रतिवादाची सामग्री त्याच पानांवर सापडते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. मधल्या २६ वर्षांत पहिला कोश सदोष असूनही उपयुक्त होता, कारण त्याची प्रत्येक नोंद वाचकाच्या डोळ्यांसमोर होती.

या उदाहरणांवरून तीन कसोट्या निघतात. अपुरी कृती प्रसिद्ध करणे क्षम्य केव्हा ठरते? तिचे अपुरेपण घोषित असेल तर. वाचकाला ते तपासता व दुरुस्त करता येत असेल तर. आणि दोषाचा भार प्रसिद्ध करणाराही उचलत असेल तर. आज्ञावलींच्या व्यापारात या तिन्ही कसोट्या बहुधा उतरत नाहीत. असे का होते?

३

पहिले कारण बाजाराच्या घडणीत आहे. आज्ञावली प्रथम तयार करण्यास प्रचंड खर्च येतो, परंतु तिची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. त्यातच, जितके अधिक लोक एखादी आज्ञावली वापरतील तितकी ती इतरांना अधिक उपयोगी होते. म्हणून जो प्रथम पोचतो तो बहुधा टिकतो, आणि उशिरा येणारा गुणवान असूनही मागे पडतो. मराठी मुद्रणात याचा अनुभव सर्वांनी घेतला आहे. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक फॉन्टची अंतर्गत संकेतरचना निराळी असे. छापखान्याने एकदा एक फॉन्ट स्वीकारला की त्याच्याकडे मजकूर पाठवणाऱ्या लेखकाला, वकिलाला आणि संपादकाला तोच घ्यावा लागे. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात उघडला तर निरर्थक अक्षरांची रास दिसे. अशा स्थितीत विक्रेत्याला निर्दोषतेपेक्षा त्वरेचा मोबदला अधिक मिळतो, यात नवल नाही.

दुसरे कारण ज्ञानाच्या विषमतेचे आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि तो बाजारातून हटू लागतो. केळीचा घड दाबून पाहता येतो, कापसाचा धागा ओढून पाहता येतो. आज्ञावलीचे अंतरंग मात्र ग्राहकाला दिसत नाही. सहा महिने अधिक परीक्षण केलेली आज्ञावली आणि न केलेली आज्ञावली ही दोन्ही दुकानात सारखीच दिसतात. मग ते सहा महिने कोण खर्च करील?

तिसरे कारण दुरुस्तीच्या स्वस्ताईचे आहे. १९९४ मध्ये इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रक्रियकात भागाकाराची चूक आढळली. ती वस्तूतच कोरलेली असल्याने वस्तूच बदलून द्यावी लागली, आणि कंपनीने त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा हिशेबात धरला. आज्ञावलीची चूक मात्र तारेवरून दुरुस्त होऊ शकते. ज्या दुरुस्तीला पैसा पडत नाही ती पुढे ढकलण्याचा मोह होतो. इंग्रजीत अशा दुरुस्तीला 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात. नव्या कोऱ्या वस्त्राला पहिल्याच दिवशी ठिगळ लावणे हे ज्या व्यवसायात लाजिरवाणे मानले जात नाही, त्याच्या नीतीविषयी त्याचा हा शब्दच पुरेसे सांगून जातो. पुढे तोही शब्द मागे पडून 'अपडेट', म्हणजे अद्ययावत करणे, हा गौरवाचा शब्द रूढ झाला. दोषदुरुस्तीला प्रगतीचे नाव मिळाले, हा अर्थांतराचा एक लक्षणीय नमुना आहे.

चौथे कारण कायद्याचे. परवान्याच्या लांबलचक मजकुरात माल 'आहे त्या स्थितीत' दिला आहे, असे कलम असते. त्यामुळे दोषाचा भार ग्राहकावर पडतो. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाच्या दोषाबद्दलच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये उत्पादन-दायित्वाचा नवा निर्देश संमत करून आज्ञावलींना स्पष्टपणे उत्पादनांत गणले. म्हणजे भार उचलण्याची तिसरी कसोटी आता कोठे कायद्याच्या भाषेत उतरू लागली आहे.

पाचवे कारण आज्ञावलीच्या स्वरूपाचेच आहे, आणि ते मान्य न करणे अन्यायाचे होईल. परीक्षणाने दोष आहेत हे सिद्ध करता येते, दोष नाहीत हे सिद्ध करता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी अर्धशतकापूर्वीच सांगून ठेवले आहे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये आपल्या अनुभवावरून दाखवले की, रेंगाळलेल्या कामावर अधिक माणसे नेमली तर ते आणखीच रेंगाळते. नवे माणूस तयार करण्यात जुन्याचा वेळ जातो. मग प्रसिद्धीचा दिनांक ठरलेला, वैशिष्ट्यांची यादी ठरलेली आणि मनुष्यबळ वाढवून उपयोग नाही, अशा कोंडीत लवचीक अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दर्जा. हा निर्णय बहुधा आज्ञावली लिहिणाऱ्याचा नसतो; दिनांक ठरवणाऱ्याचा असतो.

४

आतापर्यंतची कारणे सर्वच ग्राहकांना लागू पडतात. भाषेच्या संदर्भात त्यांत आणखी एक भर पडते, ती रांगेची. दोषांची दुरुस्ती ज्या क्रमाने होते तो क्रम बाधित ग्राहकांच्या संख्येने आणि त्यांच्या क्रयशक्तीने ठरतो. परीक्षण प्रथम इंग्रजीत होते. देवनागरीचा विचार हिंदीच्या अनुषंगाने होतो. मराठी त्यानंतर येते. अहिराणी आणि लेवा बोली तर रांगेतच नसतात. या विधानाची सत्यता तीन लहान उदाहरणांवरून पटेल.

पहिले उदाहरण 'ॲ' या अक्षराचे. युनिकोड या जागतिक संकेतप्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिची देवनागरी मांडणी भारतीय इस्की संकेतावर आधारलेली होती. तीत 'ए' वर चंद्र देऊन केलेले 'ऍ' होते. मराठीने स्वीकारलेले, 'अ' वर चंद्र असलेले 'ॲ' नव्हते. त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. मधली १७ वर्षे मराठी लेखकाने पदरमोड केली. कोणी 'ऍ' वापरले, कोणी 'अ' लिहून त्यापुढे चंद्राचे चिन्ह जोडले. परिणाम असा की, धुळे किंवा जळगाव येथील न्यायालयाबाहेर ज्या 'ॲड.' या उपाधीच्या पाट्या दिसतात, ती साधी उपाधी संगणकीय मजकुरात आज तीन प्रकारे नोंदलेली आढळते : ऍड., अॅड. आणि ॲड. शेवटची दोन रूपे डोळ्यांना एकच दिसतात. यंत्राला ती भिन्न आहेत. एका रूपाचा शोध घेतला तर दुसरे सापडेलच असे नाही.

दुसरे उदाहरण 'ऱ्य' या जोडाक्षरातील अर्ध्या 'र' चे. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिला विद्वानांविषयी, दुसरा स्वयंपाक्यांविषयी. पहिल्यात मागील अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतही हाच भेद. हा अर्थभेदक फरक असल्याने संकेतप्रमाणात त्याची सोय एकाच निश्चित रीतीने व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी रीत होती. पुढे इस्कीला अनुसरून नुक्तायुक्त 'ऱ' आणि हलन्त ही रीत प्रमाण ठरली, आणि जुनी रीत सुसंगतीसाठी तशीच ठेवण्यात आली. आज 'शेतकऱ्यांना' हा खानदेशच्या वृत्तपत्रांत रोज येणारा शब्द दोन संकेतांत लिहिलेला आढळतो. छापल्यावर दोन्ही सारखे दिसतात. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या हिशेबात मात्र ते दोन शब्द होतात, आणि प्रत्येकाची संख्या कमी भरते. मोजणी चुकली आहे हे त्याच्या ध्यानीही येत नाही. अहिराणीत मुलाला 'पोऱ्या' म्हणतात. तेव्हा या बोलीचा संग्रह करणाऱ्यावर हे संकट पहिल्याच पानावर येते.

येथे वस्तूचा दोष आणि लेखनव्यवस्थेचा दोष यांतील भेद स्पष्ट होतो. यंत्र दुरुस्त झाले की जुना दोष संपतो. लिपीच्या संकेतातील दोष दुरुस्त झाला तरी, दरम्यान लिहिलेला प्रत्येक मजकूर तो दोष पोटात घेऊन राहतो. शिवाय एकदा दिलेले संकेतस्थान काढून घ्यावयाचे नाही, असे युनिकोडचे धोरण आहे. ते जुन्या मजकुराच्या रक्षणासाठी योग्यच आहे, पण त्यामुळे घाईची चूक कायमची होते. ठिगळ वस्त्राला लागते. आधीच रंगलेल्या धाग्याला लागत नाही.

तिसरे उदाहरण शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलींचे. पूर्व खानदेशच्या लेवा बोलीत प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी 'य' येतो. 'डोळा' चा 'डोया' होतो, 'काळा' चा 'काया' होतो. बहिणाबाई चौधरींच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि ही बोली अवघ्या महाराष्ट्राच्या कानी पडली. प्रमाण मराठीच्या शब्दसूचीवर चालणारी तपासणी 'डोया' ला चूक ठरवील, आणि 'काया' ला मात्र देहवाचक शब्द समजून बिनदिक्कत सोडून देईल. अहिराणीतील 'मना', म्हणजे 'माझा', याला ती 'मन' या शब्दाचे रूप समजेल. चूक नसलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढली जाते, आणि जेथे अर्थ निसटला तेथे रेघच उमटत नाही. या दोन दोषांत दुसरा अधिक घातक, कारण तो मुका आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून नोंदवणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक होती. एवढ्या लोकांच्या भाषेला यंत्र 'अशुद्ध' म्हणत असेल, तर तो केवळ तांत्रिक दोष उरत नाही. शाळकरी मुलाच्या मनात स्वतःच्या आईच्या बोलीविषयी उभा राहणारा तो निवाडा होतो.

५

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. परिपूर्णतेची वाट पाहत बसले असते तर मराठी माणसाला संगणकावर लिहिताच आले नसते. १९९१ चा अपुरा संकेत निघाला नसता तर २००८ ची सुधारणाही झाली नसती. प्रयोगशाळेत न सापडणारे दोष हजारो वापरणाऱ्यांच्या हाती सापडतात. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीने तर लवकर आणि वारंवार प्रसिद्ध करणे हे तत्त्व म्हणूनच स्वीकारले आहे.

आक्षेप मान्य करूनही उत्तर देता येते. मुक्त आज्ञावलींत दोषांची यादी सार्वजनिक असते, अंतरंग उघडे असते, आणि दुरुस्ती कोणालाही सुचवता येते. म्हणजे पहिल्या दोन कसोट्या तेथे उतरतात. राजवाड्यांच्या खंडांप्रमाणेच तेथे अनुमानाबरोबर मूळ कागद मिळतो. युनिकोडच्या बाबतीतही आवृत्त्यांचा इतिहास प्रसिद्ध असल्यामुळेच वरील चिकित्सा शक्य झाली. प्रस्तुत टीकेचा रोख आहे तो बंद पेटीत दोष ठेवून पेटी विकण्यावर. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष दुरुस्तीने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. ती दुरुस्ती प्रथम थोड्या यंत्रांवर न पारखता एकाच वेळी सर्वत्र धाडली गेली होती. म्हणजे शुद्धिपत्रच अशुद्ध निघाले, आणि ते वाचण्याची संधी कोणालाही मिळाली नाही.

६

सर्व दोष कंपन्यांच्या माथी मारून भाषेच्या अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही. 'ॲ' ला स्थान नव्हते, त्या १७ वर्षांत मराठीच्या किती विभागांनी ती उणीव लेखी स्वरूपात मांडली? मराठी लेखनासाठी देवनागरी वर्णमाला आणि 'ल', 'श' यांची मराठी वळणे निश्चित करणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय नोव्हेंबर २००९ चा आहे. म्हणजे विक्रेत्याने घाई केली तेव्हा मराठीकडे त्याच्या हाती देण्याजोगे अद्ययावत प्रमाण तयार नव्हते. घाई एका बाजूला होती, तशी दिरंगाई दुसऱ्या बाजूला होती.

विद्यापीठांनी तर या घाईचा अर्थ स्वतःच्या व्यवहारात ओळखावयास हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण लावले, आणि संख्येला मोल आले. तेथेही दिनांक ठरलेला, गुणांची यादी ठरलेली, आणि लवचीक राहिला तो दर्जाच. अपुरा निबंध मुदतीत छापून घेणारा संशोधक आणि अपुरी आज्ञावली मुदतीत विकणारा व्यवस्थापक यांच्यापुढील कोंडी एकाच जातीची आहे. पहिल्यास शुद्धिपत्र जोडण्याची परंपरा तरी उपलब्ध आहे. ती तो वापरत नाही, हा त्याचा दोष अधिक म्हटला पाहिजे.

जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात, तसेच धुळ्याच्या संशोधनसंस्थांत, यापुढे बोलींचे जे संग्रह होतील ते संगणकावरच होतील. भाषांतर करणारी आणि लिहून देणारी यंत्रे अशाच संग्रहांवर पोसली जातात. म्हणून काही गोष्टी आताच करण्याजोग्या आहेत. बोलीच्या प्रत्येक संग्रहासोबत कोणता अर्धा 'र' आणि कोणता 'ॲ' वापरला याची नोंद प्रस्तावनेत असावी. संग्रह मोजणीस घेण्यापूर्वी दुहेरी संकेत एकरूप करून घ्यावेत, आणि मूळ प्रतही जपून ठेवावी. मराठी आज्ञावली विकत घेणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी खरेदीपूर्वी पारखण्यासाठी शब्दांची एक सूची भाषाविभागांकडून मागवावी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', 'ॲड.', 'पोऱ्या', 'डोया' असे शंभर शब्द पुरेत. जी आज्ञावली तेवढे शब्द नीट लिहू, शोधू आणि लावू शकत नाही, ती कच्ची आहे असे पावतीवर लिहून मगच तिचा भाव करावा.

केळीचा घड कच्चा उतरवणाऱ्याने तो पिकला आहे असे कधी सांगितले नाही. बाजाराची एवढी नीती खानदेशातील शेतकऱ्याला अवगत आहे. आज्ञावलीच्या व्यापाऱ्याने ती शिकेपर्यंत वाट पाहणे भाषेला परवडणारे नाही. दरम्यान लिहिले जाणारे प्रत्येक पान त्या घाईची खूण वागवीत राहणार आहे. ते शुद्धिपत्र लिहिण्याचे काम अभ्यासकालाच करावे लागेल.